नानांचे पाय दाबायला कोण येत होतं

या ग्रुपवरचे अनुभव मी दोन-अडीच वर्षांपासून वाचतेय. वाचते रात्री एक ते चारच्या मध्ये, कारण त्या वेळी मला दुसरं काही करता येत नाही. का ते पुढे सांगते. पण आजवर एकाही अनुभवाखाली मी कमेंट केली नाही, कारण मला त्यातला एकही पटला नव्हता. खरं बोलते, राग मानू नका. माझं डी.फार्म झालंय. तळोद्यात आमचं मेडिकल आहे, मी आणि आमचे हे मिळून बावीस वर्षं चालवतो. डोंगरातल्या गावांना जाणाऱ्या जीपा आमच्या समोरूनच भरतात. आजारी माणूस आधी देवऋष्याकडे, मग आमच्याकडे आणि मग डॉक्टरकडे जातो, हा उलटा प्रवास मी रोज बघते आणि रोज चिडते. दुकानाच्या दाराला लिंबू-मिरचीसुद्धा टांगू देत नाही मी. सासूबाईंनी एकदा टांगली होती, दुपारी वरणात पिळली.

तर अशी मी. आता जे झालं ते सांगते.

माझं माहेर कळसाडी, शहादा तालुका. कापूस आणि ऊस. घरी आता एकटे नाना, म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याहत्तर. आई जाऊन तीन वर्षं झाली. मला एक भाऊ होता, राजू, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. अकराव्या वर्षी मेंदूत ताप गेला आणि तो गेला. त्यानंतर नानांच्या तोंडून त्याचं नाव मी ऐकलेलं नाही. फोटो नाही, विषय नाही, काही नाही. शेजारच्याच घरात माझा चुलतभाऊ आणि सुरेखा वहिनी राहतात. नानांचा चहा, जेवण, धुणं सगळं वहिनी बघतात. नानांच्या घरातली चूल आई गेली तेव्हापासून बंदच आहे.

नानांना पायांचा त्रास. मला कळायला लागल्यापासून आहे. दुखत नाहीत, सुजत नाहीत, दिवसभर शेतात उभे राहतील... पण रात्री पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत काहीतरी चालायला लागतं. वरच्या कातडीला नाही हो, आत, हाडाजवळ. मुंग्यांची रांग म्हणा. हलवले की पाच मिनिटं बरं, थांबवले की पुन्हा सुरू. मग माणूस उठतो आणि चालतो. लहानपणी रात्री जाग आली की ओट्यावर नानांच्या चपला ऐकू यायच्या, तेव्हा सगळ्यांचेच बाप रात्री चालतात असं मला वाटायचं.

आता याला नाव आहे, रेस्टलेस लेग्ज. घराण्यात चालतो कधी कधी. मला चाळिशीनंतर सुरू झाला. हेच ते एक ते चार. नानांना मी कधी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं असतं की शेत दिलं नाही पोरीला आणि हे दिलं.

आई होती तोवर रोज रात्री तासभर नानांचे पाय दाबायची. पोटऱ्यांना जुन्या धोतराच्या पट्ट्या आवळून बांधायची, तळव्याला काशाची वाटी घासायची. मग नाना तीन-चार तास झोपायचे. आई गेली आणि ती झोपही गेली. दोन वर्षांत माणूस अर्धा झाला. आणि मागच्याच्या मागच्या कार्तिकात, पहाटे अंगणात चालता चालता तोल जाऊन गव्हाणीवर आपटले. कपाळाला सात टाके. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यांना झोप मिळाली नाही तर पुढच्या वेळी टाक्यांवर भागणार नाही. रक्त तपासलं तर फेरिटिन तळाला. म्हणजे शरीरात लोहाचा साठा नाही, आणि त्यानेच हे पाय चाळवतात. गोळ्या सुरू केल्या. पण लोह भरायला दोन-तीन महिने लागतात, हे मला कुणी सांगायला नको. ते दोन-तीन महिने काढायचे कसे, हा प्रश्न होता.

तुम्ही म्हणाल, मग लेक आहे ना, दाबायचे पाय.

इथेच तर घोडं अडतं. आमच्या भागात लेक बापाच्या पायाला हात लावत नाही. उलट बाप लेकीच्या पाया पडतो, मामा भाच्यांच्या पाया पडतो. लेकीला देवीच्या जागी बसवलंय, आणि देवीकडून कुणी पाय दाबून घेतं का? पाय दाबायचे ते सुनेने. मी एकदा, आई गेल्यावर, नानांच्या खाटेवर बसून हात पुढे केला होता. नानांनी पाय असे आखडून घेतले, जणू मी विस्तव ठेवला होता.

"लेकना हात बापना पायले लागाले नको," म्हणाले. "मन्हा माथावर पाप चढाडू नको."

(नाना अहिराणीच बोलतात. मी ती बदलणार नाही, तुम्हाला समजेल.)

तळोद्याला चला म्हटलं तर लेकीच्या घरी राहायचं नाही. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, दिवसभर उसात राबून येतो, त्याला रात्री पाय दाबायला लावणं त्यांना पटत नाही. मी पाय चोळायचं मशीन मागवलं, चांगलं सात-आठ हजारांचं. नानांनी एक रात्र पाय घातले आणि सकाळी खोक्यात भरून ठेवलं. "हाई भिंगरी माले नको. इन्हापेक्षा वळवळ बरी." उरल्या सुरेखा वहिनी. त्या चुलत का होईना, सून. त्यांनी टाके पडल्यावर आठवडाभर दाबलेही. पण ती बाई पहाटे चारला उठते, दोन म्हशी, दोन पोरं, कापूस वेचणीच्या बाया... पाय दाबता दाबता खाटेच्या काठावर डोकं टेकून झोपून जायची. एकदा नानांनीच तिला हळूच उठवून घरी पाठवलं आणि स्वतः चालत बसले.

मग मी एक उद्योग केला. तो सांगायला मला लाज वाटत नाही, पण नानांना कळला तर काय, याची भीती तेव्हा होती.

मार्गशीर्षात चार दिवसांसाठी मी माहेरी गेले. नानांना सांगितलं, मी वहिनींकडे झोपते, पोरांना सांभाळते, म्हणजे वहिनी मोकळेपणी तुमचे पाय दाबतील. आणि रात्री दहाला वहिनींची साडी नेसून, पदर हनुवटीपर्यंत ओढून, मीच नानांच्या घरात गेले. नानांना उजेड सहन होत नाही, दिवा बंदच असतो. आणि आमच्याकडे जुन्या वळणाच्या घरात सून सासऱ्यासमोर बोलत नाही. काही विचारलं तर बांगड्या वाजवते किंवा जिभेने च्यक करते. म्हणजे गप्प बसायची सोय आयतीच होती. वहिनी तर इतक्या हसत होत्या साडी नेसवताना की मला वाटलं आता यांच्यामुळेच पकडली जाते.

तिळाच्या तेलात ओवा आणि लसूण कढवून मी छोटी बाटली नेली होती. नानांनी दिवसा बघू नये म्हणून रात्रीच परत माझ्या पर्समध्ये ठेवायचे. चार रात्री, दहा ते साडेअकरा, मी माझ्या बापाचे पाय दाबले. आयुष्यात पहिल्यांदा. पाय किती वाळलेत, टाचा किती चिरल्यात, नडगीवर औताचा जुना वण आहे, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी अंधारात हातांनी कळलं. पदराआड रडू येत होतं आणि हुंदका देता येत नव्हता. चारही रात्री नाना झोपले. नीट, घोरत झोपले. नाना घोरतात हेही मला तेव्हाच कळलं.

पाचव्या दिवशी मी तळोद्याला परतले. बाटली पर्समध्येच होती, हे लक्षात ठेवा. निघताना वहिनींना म्हटलं, जमेल तसं बघा हो. त्या हो म्हणाल्या.

रोज फोन करायचे. "झोप कशी आहे नाना?" "झोप मस्त लागस. तू चिंता करू नको." रोज हेच. आवाजसुद्धा भरलेला वाटायला लागला. मला वाटलं वहिनी दाबताहेत. मनातून इतकी ओशाळले की त्यांच्यासाठी एक चांगली साडी घेऊन ठेवली.

अकराव्या रात्रीनंतर, सकाळी दुकान उघडतेय तोच वहिनींचा फोन.

"ताई, नानाले रातले तेल लावाले कोनले सांगी गयात तुम्ही? रोज गोधडी धुई धुई मन्हा हात गयात."

मी म्हटलं, "म्हणजे? तुम्हीच लावता ना वहिनी?"

"मी? मी ते तुम्ही गयात तवयपासून एक रात बी गऊ नही. माले वाटनं गोळ्यास्नी गुण करा."

मग वहिनींनी हळूच पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, मी न विचारताच. समोर गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत होतं, त्याला मी अ‍ॅसिडिटीचं दिलं. आमच्या यांनी बदललं.

स्कूटी काढली आणि तासाभरात कळसाडीत. आधी गोधडी बघितली. वहिनींनी त्या दिवशीची मुद्दाम धुतली नव्हती. पायाकडच्या बाजूला तळहाताएवढे दोन डाग, ताजे. नाकाशी धरली. माझं नाक धंद्याने तयार झालेलं आहे, बाटलीचं बूच काढलं की सांगते आत काय आहे. ओवा नव्हता, लसूण नव्हता. नुसतं शेंगदाण्याचं तेल, घाण्याचं. नानांच्या घरात तेलाचा थेंब नाही, मी डबे उघडून पाहिले. वहिनींकडे सोयाबीनचं पाकीट येतं. नाना पडल्यापासून रात्री अंगणाच्या दाराला वहिनी बाहेरून कडी लावतात, नानांनी रस्त्यावर जाऊ नये म्हणून. कुलूप नसतं, नुसती कडी. म्हणजे बाहेरून कुणीही उघडून येऊ शकतं, हे मी मान्य करते. पण येणार कोण? आणि कळसाडीत रात्री कोण कोणाच्या घरात गेलं हे सकाळच्या चहाआधी गावभर होतं.

नाना अंगणात उन्हाला बसले होते. कपाळाचे टाके निघालेले, गालांवर जरा मांस धरलेलं. मी शेजारी ओट्यावर बसले आणि सरळ विचारलं, "नाना, रातले पाय कोण दाबतं तुमचे?"

नाना सुपारी कातरत होते. वर न बघता म्हणाले, "पहिला चार रात तू व्हतीस."

म्हटलं आता संपलं, आता पाप-पुण्य, आता हे जेवणार नाहीत. पण नाना शांत होते. सुपारी चालूच.

"वळखं व्हतं ते बोलनात का नही?" मीही अहिराणीवर आले.

"बोलतू ते तू उठी जाती."

एवढंच म्हणाले. चाळीस वर्षं पाळलेला नियम माझ्या बापाने चार रात्री गुपचूप मोडला होता, आणि मला वाटत होतं मी त्यांना फसवतेय. मी विचारलं, कसं ओळखलंत, मी तर तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

"जठे वळवळ शे, बरोबर तठेच तुन्हा अंगठा जाये," नाना म्हणाले. "ज्याले सोताले हाई दुखनं नही, त्याले ती जागा सापडस नही. तुन्ही मायले चाळीस वरीसमा सापडनी नही." मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुलेबी शे ना, बेटा?"

मी मान हलवली. नानांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. उन्हामुळे नव्हतं ते.

मूळ प्रश्न राहिलाच होता. "मग त्यानंतर कोण येतंय?"

आणि नानांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत देते, कारण त्यांनी ते इतकं साधं सांगितलं, जसा गाई-म्हशींचा हिशेब सांगावा.

"ती दुसरी. तू गई त्याच रातले उनी (म्हणजे आली). तिले दाबाले येयेच ना. पहिली रात नुसता तळपाय धरी बठनी. हात भलता थंडा, मंग तिन्हीच चोळी चोळी गरम करात. दुसरी रातले तेल लई उनी. मी पाय हालाडू, तिकडे तिन्हा हात जाये. आठ-नऊ रातमा शिकी गई. काल रातले ते जागा बरोबर सापडनी तिले." हे सांगताना नानांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. खरंच, कौतुक.

"आई होती का?" मी विचारलं. म्हणजे मी, लिंबू-मिरची वरणात पिळणारी, हे विचारत होते.

"नही. तुन्ही मायना हात मी वळखस नही का?"

"काही बोलली?"

"सासराशी बोलस का नवी सून?"

मला वाटलं चुकून म्हणाले. म्हटलं, "कोणती सून, नाना?"

"आपला राजूनी."

चौतीस वर्षांनी मी माझ्या भावाचं नाव बापाच्या तोंडून ऐकलं. राजू असता तर आज पंचेचाळिशीचा असता. त्याचं लग्न झालं असतं, सून आली असती, तिने सुरुवातीला चुकत माकत पाय दाबले असते. हा सगळा हिशेब नानांनी इतकी वर्षं आतल्या आत कधी केला होता, मला माहीत नाही. मला फक्त इतकं सुचलं की माझ्या बापाचं डोकं जागेवर राहिलं नाही. म्हातारपण, झोप नाही, डोक्याला मार. आमच्याकडे अशी म्हातारी माणसं येतात, त्यांच्या लेकी-सुना काउंटरवर हळू आवाजात गोळ्या मागतात. आणि त्यावर मी जे करते तेच केलं, म्हणजे चिडले. ठरवलं, आज रात्री बसते. गावातली कुणी बाई येत असेल तर पकडते, आणि कुणी येत नसेल तर नानांना उद्याच धुळ्याला न्यूरोच्या डॉक्टरकडे.

रात्री नानांच्या खोलीच्या उंबऱ्यात पोतं टाकून बसले. शाल, थर्मास, हातात मोठी बॅटरी. अंगणाच्या दाराला आतून कडी घातली नाही, येणाऱ्याला यायला मोकळं हवं म्हणून. तुम्ही म्हणाल डोळा लागला असेल. नाही लागला. माझे पाय मला डोळा लावू देत नाहीत. बाराच्या पुढे सुरू झाले ते मी उठून चालायचे, बसायचे, पुन्हा उठायचे. थंडी मरणाची होती. पलीकडे उसाच्या ट्रॅक्टरची ये-जा, मध्येच वहिनींच्या म्हशीची साखळी. बाकी काही नाही. कुणी आलं नाही. वास नाही, सावली नाही, थंड वारं नाही, या ग्रुपवर लिहितात तसलं काहीही झालं नाही.

आणि नाना झोपले नाहीत. अकरा रात्री झोपलेला माणूस त्या रात्री खाटेवर पाय आपटत होता. दोरी करकरत होती. मला ते ऐकवत नव्हतं, पण जागेवरून हलायचं नाही असं ठरवून बसले होते. हट्ट माझा, दुसरं काय.

तीन वाजले असतील. अंधारातून नाना म्हणाले, "ती येवाव नही आते."

"का?"

"तू बठेल शे ना दारमा." त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, थकलेला होता. "नवी सून शे ती. नणंद दारमा बॅटरी लई बठनी, ते ती घरमा पाय कसा टाकी?"

मी बॅटरी बंद केली. पण तोवर उशीर झाला होता, हे माझं मलाच कळलं. कसं कळलं ते विचारू नका, मला सांगता येणार नाही.

थोड्या वेळाने नानांनी हात लांब करून भिंतीवरचं बटण दाबलं. दिवा लागला. गेल्या कित्येक वर्षांत रात्री त्या खोलीत दिवा लागलेला मी पाहिला नव्हता. नानांनी गोधडीतून पाय बाहेर काढले आणि लांब केले.

"ये. तूच दाब. तोंड झाकाले नको."

"पाप लागी ना, नाना?"

"लागू दे."

मी खाटेवर बसले आणि उजेडात, उघड्या डोक्याने, त्यांच्या पोटरीवर अंगठा ठेवला. ती जागा बरोबर सापडली. अर्धा तास दाबत राहिले. पाय हळूहळू निवले. मी उठायला लागले तर नानांनी मनगट धरलं. उठून बसले, भिंतीला टेकले, आणि म्हणाले, "दे, तुन्हा पाय आठे ठेव."

मी नको नको म्हणतेय, तर म्हणाले, "लेकना पायले बापना हात लागस ते पुण्यच शे. ठेव."

आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या माझ्या बापाने माझा पाय मांडीवर घेतला. बोटं वाकडी झालीत त्यांची, जोर नाही. पण अंगठा थेट तिथेच गेला. पाच वर्षांत इतक्या गोळ्या गिळल्या, पण त्या जागेला कुणाचा हात लागला नव्हता, कारण ती कुठे आहे हे कुणाला सांगताच येत नाही. मला रडू आलं, आणि या वेळी मी ते दाबलं नाही. मी तिथेच आडवी झाले ती सकाळी आठला उठले. वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या, आणि नाना माझ्या पायांशी बसून डुलक्या घेत होते.

याला आता सव्वा वर्ष झालं. लोह भरलं, नाना बरे झोपतात. झोपेचं उत्तर माझ्याकडे आहे: पहिल्या आठवड्यांतच गोळ्यांनी काहींना फरक पडतो, मनाचाही भाग असतो. धुळ्याच्या डॉक्टरांनी नानांचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं असं सांगितलं. मी शनिवारी दुकान यांच्यावर टाकून जाते, एकमेकांचे पाय दाबतो. गावात पाच-पन्नास जणींना आडून आडून विचारून झालं, वहिनींना तर इतकं छळलं की त्या माझ्याशी महिनाभर नीट बोलल्या नाहीत. कुणीही आलं नव्हतं. तेलाचं उत्तर माझ्याकडे नाही. दहा रात्री गोधडीला तेल लागलं, वहिनींनी ते धुतलं आणि शेवटचं मी स्वतः हुंगलं. ते कुठून आलं, मला माहीत नाही. ज्यांना माहीत असेल त्यांनी सांगा, पण उगाच पिंपळ-मुंजा काढू नका.

ती रात्र सोडली तर नानांनी हा विषय पुन्हा कधी काढला नाही. पण मला तो सोडत नाही. आमच्या घरात सून म्हणून कुणी आलीच, तर ती अकरा रात्री आली. थंड हातांनी, काही न बोलता, काम शिकत. बाराव्या रात्री मी दारात बॅटरी घेऊन बसले, आणि ती पुन्हा आली नाही. नानांनी मला याबद्दल एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.